शेवटची सोळा पानं

आखाडा बाळापूर
१६ नोव्हेंबर १९९९

दत्तप्रसाद भाऊजींना सत्यशीलाचा नमस्कार.

दिवाळीला तुम्ही आला नाहीत. प्रेसमध्ये लग्नपत्रिकांची गर्दी आहे हे तुमचं कारण ह्यांनी मान्य केलं, मी केलं नाही. तुमच्या वाट्याच्या करंज्या ह्यांनीच खाल्ल्या आणि वर म्हणाले, दत्तूला गोड चालत नाही.

आधी कामाचं लिहिते. यंदा २६ जानेवारी बुधवारी येते. म्हणजे मांडवात पुस्तक वाचायचा आपला यानाचा दिवस त्यानंतरच्या रविवारी, ३० तारखेला. झेंडावंदनाचा मांडव आणि कर्णा तोवर शाळेच्या पटांगणातच राहू देऊ, असं हेडमास्तर म्हणालेत. सोळावं वर्ष आहे, आता त्यांनाही सवय झाली. 'गगनगामी' या आपल्या अवकाशयानाच्या गोष्टीचा अठ्ठाविसावा आणि अखेरचा भाग नांदेडच्या दुकानात आला असेल. नेहमीप्रमाणे एक प्रत घ्या, न उघडता खाकी कागदात बांधा, सुतळीच्या गाठीवर लाख ओता आणि पाठवून द्या. नियम तुम्हाला ठाऊक आहे, तरी दरवर्षी लिहिते, कारण तुमच्या चेहऱ्यावर माझा विश्वास असला तरी बोटांवर नाही. मांडवात सगळ्यांसमोर गाठ सुटेपर्यंत पुस्तकाचं एक पानही कुणी वाचायचं नाही. चौऱ्याऐंशी साली कुणीतरी आधी वाचून शेवट एसटी स्टँडवर सांगितला होता आणि त्यावरून दोन घरांत वर्षभर बोलणं बंद होतं. तेव्हापासून हा नियम.

आता मुख्य गोष्ट. तुमच्या मावशी, म्हणजे आमच्या सासूबाई, यांच्या गर्भाशयातली गाठ वाढली आहे. डॉक्टर वर्षभर सांगून राहिलेत की नांदेडला नेऊन ऑपरेशन करा, आणि त्या वर्षभर नाही म्हणतात. "आजवर अंगाला कातर लावली न्हाई, आता काहून लावू?" एवढंच उत्तर. परवा शेजारच्या भिकाबाई आणि आणखी चार बाया बसल्या होत्या. पुन्हा तोच विषय निघाला. मावशी एकदम म्हणाल्या, "यान घरला आलं तर मी बी दवाखान्यात जाईन. न्हाई आलं तर मला पुन्यांदा कुनी इचारायचं न्हाई. माझा हाच कौल."

ह्यांनी कपाळावर हात मारला. मला मात्र हायसं वाटलं. अठ्ठावीस वर्षं भटकलेलं यान शेवटच्या भागात घरी येणार नाही तर कुठं जाणार? कप्तान वसुमती काही पोरंटोरं घाबरवायला निघालेली नाही. तेव्हा पुस्तक लवकर पाठवा, म्हणजे माझा जीव भांड्यात पडेल.

दिपालीला आशीर्वाद.

तुमची वहिनी
सत्यशीला


नांदेड
२४ नोव्हेंबर १९९९

सौ. वहिनींना नमस्कार.

पत्र मिळालं. लग्नपत्रिका खरंच होत्या. तुळशीच्या लग्नानंतर लोकांना एकदम आपल्या मुली मोठ्या झाल्याचं दिसतं, त्याला मी काय करू?

पुस्तक घेतलं आहे. बांधूनही ठेवलं आहे. लगेच पाठवत नाही, वाटेत ओलंबिलं झालं तर पंचाईत. यंदा ते जरा सडपातळ आहे. कागद महागलाय, सगळेच प्रकाशक हात आखडून आहेत. पाठही सैल वाटते. चिकटवणाऱ्यानं काम नीट केलेलं नाही. पण ते आमच्या धंद्यातलं बोलणं झालं.

वहिनी, एक विचारतो. यंदाचा दिवस पुढं ढकलता येईल का? म्हणजे उन्हाळ्याच्या सुटीत घेतला तर गोरेगावकडची मंडळीही जास्त येतील. आणि मावशीला ऑपरेशनसाठी दुसऱ्या एखाद्या मार्गानं तयार करता येणार नाही का? गोष्टीवर एवढं मोठं काम सोपवणं मला बरं वाटत नाही. लेखकाचा काय भरवसा? त्याला काय माहीत की बाळापुरात कुणी त्याच्या यानावर आपला जीव टांगून बसलं आहे.

तिचा त्रास किती आहे ते नीट कळवा. तिनं मला वाढवलं. आई गेली तेव्हा मी चार वर्षांचा होतो, आणि मला आईचा चेहरा आठवायचा म्हटलं तर मावशीचाच येतो. पहिला भाग मी तिला मेंढरांमागं चालता चालता वाचून दाखवला होता. यानात दुधासाठी शेळी आहे हे कळल्यावर ती थांबली आणि म्हणाली, "ल्हिनारा शाना दिसतो." तिथून सगळं सुरू झालं.

प्रभूदादाला नमस्कार.

आपला
दत्तप्रसाद


आखाडा बाळापूर
३ डिसेंबर १९९९

दत्तप्रसाद भाऊजी,

तुमचं पत्र तीनदा वाचलं. दिवस पुढं ढकला, ऑपरेशनचं दुसरं काही बघा, पुस्तक नंतर पाठवतो. मी मास्तरीण आहे, गृहपाठ न केलेल्या पोराची भाषा मला कळते.

स्पष्टच विचारते. मावशी नांदेडला आल्या तर दहा-पंधरा दिवस तुमच्या दोन खोल्यांत राहतील, याची अडचण आहे का? दिपालीला सातवा महिना लागलाय, तिला जमणार नाही असं वाटत असेल तर तसं सांगा. आम्ही दवाखान्याच्या ओट्यावर राहू, आमची काही जात मोडत नाही. पण यानाच्या आडून बोलू नका. ह्यांना मी पत्र दाखवलेलं नाही. दाखवलं असतं तर दोन भावांत उगाच भिंत उभी राहिली असती.

त्रास विचारलात. अंगावरून जातं ते आता थांबत नाही. तोंड हळदीसारखं पिवळं पडलंय. तरी सकाळी मेंढरं सोडायला उठतातच. परवा बाजारातून येताना फाट्यावर चक्कर येऊन बसल्या. गोरेगावचा नेमसिंग, आपल्या यानाचा चालक, जीप घेऊन हिंगोलीकडून येत होता, त्यानं घरी आणून सोडलं. डॉक्टर म्हणाले, फेब्रुवारीच्या पुढं नेऊ नका, मग रक्त चढवूनही उपयोग व्हायचा नाही.

त्यांच्याकडे बघितलं की मला भीती वाटते, भाऊजी. हे मी कुणाला सांगत नाही. तुम्हाला सांगते, आणि तुम्ही मला कागदाच्या किमती सांगता.

सत्यशीला


नांदेड
९ डिसेंबर १९९९

वहिनी,

हे पत्र वाचून चुलीत घाला.

मावशीसाठी माझं घर अडचणीचं होईल, असं तुमच्या मनात यावं, याला मीच कारण आहे. दिपालीनं तर खाट कुठं टाकायची हेसुद्धा ठरवून ठेवलंय. खरी गोष्ट वेगळी आहे आणि ती सांगायची म्हणजे मला आधी चोरी कबूल करावी लागते.

मी नांदेडला आल्यापासून, म्हणजे गेली बारा वर्षं, दरवर्षी पुस्तक आधी वाचतो. दुकानातून घेतो, गोदावरीच्या घाटावर बसून संपवतो आणि मग लाख लावतो. मांडवात तुम्ही वाचायला लागलात की सगळ्यांच्या आधी मीच दचकतो, हे तुमच्या लक्षात आलं असेल. ते नाटक होतं.

यंदाही वाचलं. वहिनी, यान येत नाही.

पाणी संपतं. एक एक यंत्र बंद पडतं. पृथ्वी खिडकीतून दिसते, पण तिथवर जायला जोर उरत नाही. चंदी शेळी कप्तानाच्या पायाशी येऊन बसते. ऐंशीव्या पानावर शेवटची ओळ आहे : "वसुमतीनं शेवटचा दिवा मालवला." मग मलपृष्ठ. खाली 'समाप्त' हा शब्दसुद्धा नाही. लेखकाला तो लिहवला नसेल.  मला शेळीचं वाईट वाटलं, कप्तानाचं वाईट वाटलं आणि मग मावशीचा कौल आठवला.

मी छापखान्यात अक्षरांचे खिळे जुळवणारा माणूस आहे. आधी हिंगोलीत आणि मग इथं, एकवीस वर्षं दुसऱ्यांचं लिहिलेलं अक्षर अक्षर जोडत आलोय. स्वतःचं एक वाक्य कधी छापलं नाही. पण आमच्या प्रेसमध्ये या पुस्तकाला जुळेल असा टाइप आहे, कागदही तसाच मिळतो. मी शेवटची सोळा पानं लिहून, छापून, पुस्तकात शिवून देऊ शकतो. त्या दिव्यानंतर पुढं. यान घरी आणू शकतो.

हे खोटं आहे हे मला कळतं. वाचायचं तुम्हाला आहे, म्हणून तुम्हाला विचारल्याशिवाय करणार नाही. तुम्ही नाही म्हणालात तर आहे तसं पुस्तक पाठवतो.

दत्तप्रसाद


आखाडा बाळापूर
२२ डिसेंबर १९९९

दत्तप्रसाद भाऊजी,

आधी माफी मागते. दिपालीबद्दल जे लिहिलं ते माझ्या तोंडात शोभलं नाही. तिला सांगू नका, मी आल्यावर तिचे पाय चेपीन, म्हणजे फिटेल.

बारा वर्षं! आणि मी तुमच्या लाखेच्या ठशाकडं बघून पोरांना प्रामाणिकपणा शिकवायचे.

तुमचं पत्र आल्यावर पहिले चार दिवस मी मनात नाहीच म्हणत होते. सोळा वर्षं त्या मांडवात मी जे वाचलं ते पुस्तकात होतं म्हणून वाचलं. माझ्या तोंडून आलेल्या शब्दावर मावशी डोळे मिटून विश्वास ठेवतात. त्यांना अक्षर येत नाही, म्हणूनच त्यांच्यापुढं खोटं वाचणं हे आंधळ्याला चुकीच्या वाटेला लावण्यासारखं आहे, असं मला वाटायचं.

काल त्या न्हाणीत पडल्या. मी आणि ह्यांनी उचललं. अंगात वजनच नव्हतं. शुद्धीवर आल्या आणि पहिलं काय विचारलं? "दत्तूनं पुस्तक धाडलं का?"

छापा, भाऊजी. यान आणा. मी वाचीन. पाप लागायचं असेल तर माझ्या जिभेला लागू दे, तुमच्या बोटांची आम्हाला गरज आहे. ह्यांना काही सांगत नाही. ह्यांच्या पोटात गोष्ट राहत नाही, करंज्या तेवढ्या राहतात.

सत्यशीला


नांदेड
१५ जानेवारी २०००

सौ. वहिनींना नमस्कार.

संक्रांतीचा तिळगूळ आणि पुस्तक एसटीच्या कंडक्टरच्या हाती पाठवतो आहे. दोन्ही नीट उतरवून घ्या.

मालकांना म्हणालो, घरचं काम आहे. त्यांनी रविवारी प्रेसची किल्ली दिली आणि कारण विचारलं नाही. तीन रविवार गेले. लिहून मग जुळवायचं असं ठरवलं होतं, पण कागदावर मला एक ओळ सुचेना. मग सरळ खिळ्यांच्या पेटीसमोर उभा राहिलो आणि हात आपोआप चालायला लागले. उलटं जुळवत गेलो आणि यान सुलट येत गेलं.

काय केलं ते थोडक्यात सांगतो, म्हणजे वाचताना तुम्ही अडखळणार नाही. दिवा मालवल्यावर अंधारात कप्तान हजेरी घेते, आपण मांडवात घेतो तशीच. एकेक जण "हजर" म्हणतो. तेवढ्यात खालून, पृथ्वीवरून, कुणीतरी तिच्याही नावाची हजेरी घेतं. मग यान उतरतं. कुठं उतरतं ते लिहिलेलं नाही, पण जवळ एक फाटा आहे आणि हरभऱ्याचं रान आहे. उतरताच चंदीला दोन करडं होतात. ते मला फार आवडलं. अठ्ठावीस वर्षांच्या प्रवासातून रिकाम्या हातानं कुणी परत येऊ नये.

जुनी पाठ सोडवून नवी पानं शिवली. आता पुस्तक नेहमीसारखं बरोबर शहाण्णव पानांचं झालं, पाठही घट्ट बसली. हातात घेतलं तर कुणाला संशय येणार नाही.

मी येणार नाही. दिपालीला सोडून निघता येत नाही असं सांगा. ते खरंही आहे. पण मला मावशीच्या तोंडाकडं बघवणार नाही, हे त्याहून खरं आहे. माझ्या नावाची हजेरी तुम्हीच द्या.

दत्तप्रसाद


आखाडा बाळापूर
१ फेब्रुवारी २०००

दत्तप्रसाद भाऊजी,

पहिल्यांदा हे वाचा : मावशी येतात. मंगळवारी, आठ तारखेला आम्ही नांदेडला पोचतो. गुरुवारी, दहा तारखेला ऑपरेशन. आता खाली बसून बाकीचं वाचा, कारण परवा मांडवात जे झालं ते उभ्यानं वाचण्यासारखं नाही.

माणसं नेहमीपेक्षा जास्त होती. शेवटचा भाग म्हणून हट्ट्याहून एक जीप भरून आली, वसमतची दोन मास्तरमंडळी आली. ह्यांनी डोक्यावर ॲल्युमिनियमचं पातेलं आणि अंगावर घोंगडी घेतली होती. पोरांनी एक्स-रेच्या फिल्मचे चष्मे केले होते. नेमसिंगनं जीप मांडवाच्या तोंडाशी लावली, सगळ्यांनी दहापासून उलटे आकडे म्हटले आणि शून्याला त्यानं असा काही धूर सोडला की भिकाबाईंच्या शेळ्या पार ओढ्यापर्यंत गेल्या. यान सुटलं. मग ज्याला यानातलं जे काम, त्या नावानं हजेरी झाली. "दप्तरदार दत्तप्रसाद?" म्हणून मी पुकारलं आणि उत्तर द्यायला तोंड उघडलं, तेवढ्यात घोंगडीवर टेकून बसलेल्या मावशीच म्हणाल्या, "हजर हाय. मनानं हितंच हाय तो. वाच तू."

मी लाख फोडली. ऐंशी पानं वाचताना माझा आवाज बरा होता. दिवा मालवला. मग पान उलटलं आणि तुमचं सुरू झालं. भाऊजी, चांगलं लिहिलंत. मला रडू येत होतं आणि ते खोटं वाचल्यामुळं की खरंच, हे कळत नव्हतं. मधेच नेमसिंग उठून उभा राहिला. त्याचं तोंड उघडं पडलं होतं. मावशींनी त्याला हातानं खाली बसवलं. मला वाटलं, मधे गडबड नको म्हणून.

हरभऱ्याच्या रानात यान उतरलं. चंदीला दोन करडं झाली. मी 'समाप्त' वाचलं आणि टाळ्या पडायच्या आत मावशींनी विचारलं :

"बोकड कुठून आला?"

मी मागचं पान उलटून बघितलं.

"यानात बोकड न्हाई. अठ्ठावीस साल ऐकून राहिले, एकदा बी बोकडाचं नाव आलं न्हाई. मग करडं कशी झाली?"

हसून हसून लोक लोळले. हट्ट्याचा एक गडी तर खांबाला धरून हसत होता. तुम्ही धनगराच्या पोटचे, मेंढरांत वाढलेले, आणि नांदेडला राहून एवढं विसरलात! मला मात्र हसू आलं नाही. कारण हसणं ओसरल्यावर मावशी शांतपणे म्हणाल्या, "ऱ्हाऊ द्या. यान आलं ना? मग मी जाते दवाखान्यात."

आणि मला ते पेलवलं नाही. इतका सरळ चेहरा होता त्यांचा. मी कर्ण्यावरच रडायला लागले आणि सांगून टाकलं, की ही शेवटची सोळा पानं खरी नाहीत, आम्ही छापलीत, यान आलंच नाही, मला माफ करा. तुमचं नाव घेतलं नाही, पण कुणी न सांगता सगळ्यांनी नांदेडच्या दिशेला बघितलं. ह्यांनी डोक्यावरचं पातेलं काढून मांडीवर ठेवलं.

 मला वाटलं, आता मावशी उठतील आणि घरी जातील, आणि पुन्हा कुणी विचारायचं नाही.

तेवढ्यात नेमसिंग जीपकडे पळाला. सीटखाली हात घालून त्यानं एक पुस्तक काढलं. तेच पुस्तक.

"ताई, रडू नका. यान आलंय. खरंच आलंय. ह्ये बघा, माझ्या पुस्तकात हाय."

हिंगोलीहून घेतलेलं. गेली नऊ वर्षं तो स्वतःची प्रत घेतो, आधी वाचतो आणि मांडवात येऊन नवलानं ऐकतो. "मला धीर धरवत न्हाई, माफी करा," म्हणाला आणि कान धरले. मी दोन्ही पुस्तकं शेजारी ठेवली. त्याचंही शहाण्णव पानांचं. ऐंशीपर्यंत अक्षर न अक्षर सारखं, आणि एक्क्याऐंशीपासून त्याच्यात यान पुढं जातंच!

तुमच्या प्रतीत शेवटचा फर्मा, अखेरच्या सोळा पानांचा गठ्ठा, शिवायचाच राहिला होता, भाऊजी. एकवीस वर्षं सोळा-सोळा पानांचे फर्मे मोजणारा माणूस, पुस्तक सडपातळ दिसतंय, पाठ सैल आहे, 'समाप्त' नाही, हे सगळं मला पत्रात लिहून कळवतो, आणि पानं मोजत नाही! मी पाचवीच्या पोरांना वही देण्याआधी पानं मोजायला लावते. तुम्हालाही लावायला हवी होती.

मग खरा शेवट वाचला. त्यात चंदी सर्वांत आधी खाली उतरते आणि स्वागताचा हार खाते. मावशींनी मान हलवली, म्हणाल्या, "हां, शेळी असंच करते." त्यानंतर कबुलीजबाबच सुरू झाले. वसमतच्या दोन्ही मास्तरांनी आधी वाचलं होतं. आणि तुमच्या दादांनी, माझ्या नवऱ्यानं, दरवर्षी तुमची लाख गरम सुरीनं उचलून पुस्तक वाचलं आणि पुन्हा चिकटवलं. यंदा तेवढा वेळ मिळाला नाही म्हणे, कारण मी पुस्तक धान्याच्या कणगीत लपवलं होतं. म्हणजे सोळा वर्षांत नियम पाळणारी मी एकटीच. मला राग यायला हवा होता, पण मी इतकी हलकी झाले होते की ह्यांच्या पातेल्यात तोंड घालून हसत सुटले.

मंगळवारी स्टँडवर या.

सत्यशीला


नांदेड
१९ फेब्रुवारी २०००

सौ. वहिनींना नमस्कार.

तुम्ही शाळेसाठी परत गेलात, त्याला आज पाच दिवस झाले. मावशी उत्तम आहे. टाके परवा निघतील. गाठ साधी निघाली, तपासणीचा कागद काल आला, प्रभूदादाला मी फोनवर सांगितलंच आहे. मी तो कागद तीनदा वाचला आणि, हसू नका, पानं मोजली. एकच होतं.

ऑपरेशनच्या दिवशी तुम्ही आणि दादा औषधं आणायला खाली गेला होतात, तेव्हा तिला बाहेर आणलं. डोळे मिटलेले, ओठ कोरडे. मी हाक मारली, उत्तर नाही. पुन्हा मारली. मला काय सुचलं कोण जाणे, मी वाकून हजेरीतलं तिचं नाव पुकारलं, "चंदीची राखणदार अनुसयाबाई?"  मग अगदी बारीक आवाज आला, "हजर." मी भिंतीला तोंड लावून रडलो. नर्सनं मला बाहेर काढलं.

आता जे लिहितो ते तुम्हाला सांगायची परवानगी तिनं काल दिली आहे. मी तिला म्हणालो, मावशी, नशीब तुझं, पुस्तकात खरंच यान आलं. नाहीतर तुझा कौल फिरला असता. तर ती म्हणाली :

"कशाचा कौल? मला ठाव होतं."

दिवाळीच्या आधीच नेमसिंगनं आपली प्रत तिला फाट्यावर, जीपच्या सावलीत बसून, पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचून दाखवली होती. त्याला एकट्याला तेवढा आनंद पेलेना. म्हणजे चार बायांसमोर कौल लावला तेव्हा यान घरी येऊन आठ दिवस झाले होते.

"मग कौल लावलास कशाला?"

"वरीसभर न्हाई न्हाई म्हनले, समद्यांसमोर. एकदम व्हय कसं म्हनावं? आन खरं सांगू का दत्तू, भ्याले होते रे. लई भ्याले होते. यानाच्या नावानं पाय उचलला."

आपण तिला फसवायला निघालो होतो, वहिनी, आणि तिनं आपल्याला आधीच फसवून ठेवलं होतं. नेमसिंगला मांडवात हातानं बसवलं ते गडबड नको म्हणून नाही. तुम्ही वाचायला लागल्यावर तिला दुसऱ्याच पानाला कळलं की हे नेमसिंगनं वाचलेलं नव्हे. आणि हजेरीचं आलं तेव्हा कुणाचं आहे तेही कळलं. तिला ते शेवटपर्यंत ऐकायचं होतं.

मी तिला म्हटलं, एकवीस वर्षांत पहिल्यांदा स्वतःचं छापलं आणि तेही खोटं. तिनं माझा हात हातात घेतला. बोटांवर शाईचे डाग असतातच, ते ती अंगठ्यानं पुसत राहिली, लहानपणी माझं नाक पुसायची तसं.

"त्या ल्हिनाऱ्यानं यान आनलं, त्ये त्याचं कामच हाय. तुला वाटलं, यान बुडालं. तरी तू आनलंस." मग म्हणाली, "फकस्त त्ये बोकडाचं नीट कर."

तेव्हा काल जेवणाच्या सुटीत पेटीसमोर उभा राहिलो आणि चार ओळी जुळवल्या. सोबत एक चिठ्ठी पाठवतो आहे. आपल्या प्रतीत, माझ्या सोळा पानांत, जागेवर चिकटवा. आणि पुढच्या जानेवारीतही मांडव घाला. पुस्तक आता नवीन येणार नाही, पण मावशी विचारते आहे की पुढचं कोण लिहिणार. मग तीच म्हणाली, "दप्तरदार हाय की."

दादाला नमस्कार. करंज्या वेगळ्या बांधून ठेवा.

आपला
दत्तप्रसाद

(सोबतची चिठ्ठी)

शुद्धिपत्र
पान ९१, ओळ ६ : "उतरताच चंदीला दोन करडं झाली" या वाक्याआधी पुढील मजकूर वाचावा –
"यानात एक बोकडही होता. अठ्ठावीस वर्षांत त्याची हजेरी कुणी घेतली नव्हती, पण तो पहिल्या दिवसापासून हजर होता."